शोर ए, सत्तर अधिक-उणे पाच

मापाचं नाव शोर.
आवाज म्हणाल तर काहीच नाही.
तळहाताएवढं घड्याळ, खाली बोथट सुई,
ती जितकी कमी रुतेल
तितका आकडा मोठा.
काचेवर टेकवली तर शंभर,
मळलेल्या कणकेत शून्य.
माझी नोकरी या दोन्हींच्या मधली.

वाळूजला, मागच्या गल्लीतली कंपनी.
मोटरसायकलचे बुश, पंपाचे वायसर.
हिरव्या क्रेटमधून नमुने येतात,
अजून गरम, गंधकाचा वास घेऊन.
गरम मोजायचं नाही.
एक दिवस निवू द्यायचं,
मग काठापासून आत, पाच ठिकाणी सुई,
पाच आकडे, आणि लिहायचा मधला.
परतूरला आमच्या भावकीत
भांडणं अशीच मिटवायचे.

आई ज्वारीचा दाणा दाढेखाली धरायची.
कट्ट वाजला तर पोत्यात,
नाही वाजला तर अजून दोन उन्हं.
तिच्याकडे रजिस्टर नव्हतं,
खाडाखोडही नव्हती.

मे महिना. दुपारी दोनला लाईट गेली,
लॅबचा एसी गेला, पारा अडतीसवर.
गेटवर टेम्पो उभा.
बॅच चारशे बारा:
सुई टेकताक्षणी सदुसष्ट.
मग रबराला काय वाटतं कोण जाणे,
सुईला थोडी थोडी जागा देतं.
सहासष्ट.
पासष्ट.
पंधराव्या सेकंदाला त्रेसष्ट.

तौर साहेब खांद्यामागून म्हणाले,
"पहिलाच आकडा वाच की. सगळे पहिलाच वाचायलेत."
ड्रॉइंगवर पंधरा सेकंद लिहिलेत, साहेब.
"मग पंधरा जरा भरभर मोज."

गयासभाईंना बोलावलं. तेवीस वर्षं प्रेसवर.
त्यांनी बुश उचलला, अंगठा दाबला,
डोळे मिटले, नाडी बघावी तसे.
"चौसष्ट. माल में खोट नहीं बेटी, गरमी है.
रातभर ठेव. सकाळी अडुसष्ट देतो का नाही बघ."
आणि साहेबांकडे न बघता,
"गाडीवाले को चाय पिलाव."

ड्रायव्हर लिंबाखाली झोपला.
मी लिहिलं: त्रेसष्ट, तापमान अडतीस, उद्या पुन्हा.
साहेब फोन घेऊन बाहेर गेले, बराच वेळ
काचेपलीकडे त्यांचा हात हलत होता.

लाईट नव्हती, काम नव्हतं.
म्हटलं, भाई, अंगठा द्या जरा.
त्यांनी हसत टेबलावर ठेवला.
भेगांत काजळी बसलेली, रेषा घासून गेलेल्या.
रेशनच्या मशीनला हा अंगठा ओळखू येत नाही,
धान्याला त्यांचा पोरगा जातो.
सुई टेकवली.
एक्क्याऐंशी.
पाच सेकंद, दहा, पंधरा.
काटा हललाच नाही.

"देखा?" भाई खूश. "पंचाहत्तरच्या वर! रिजेक्ट!"

नाही म्हटलं, हा आकडा धरायचा नाही.
जाडी सहा मिलिमीटर तरी पाहिजे,
नाहीतर सुई मालाला मोजत नाही,
मालाच्या खाली जे असेल त्याला मोजते.

"मग खाली काय निघालं?"

हाड, भाई.

त्यांनी अंगठा उचलून उजेडात धरला,
उलटा केला, सुलटा केला,
आणि पॅन्टला पुसला.

सकाळी एसी चालू, चोवीस अंश.
चारशे बाराचे पाच आकडे:
सहासष्ट, सदुसष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट, सहासष्ट.
मधला सदुसष्ट. शिक्का मारला, टेम्पो गेला.
तौर साहेबांनी चहा सांगितला सगळ्यांना.

एका आकड्याने चुकले म्हणून
गयासभाई डबा खाईपर्यंत
माझ्याशी बोलले नाहीत.